मेस्सीची जर्सी माळ्यावर टाकायची का?

ताई, माझा मुलगा 13 वर्षांचा, मेस्सीचा कट्टर फॅन. 2025 च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा हट्ट करून बाबांबरोबर मुंबईला गेला होता. मागच्या रविवारी घरी सगळे जमलेले असताना माझे थोरले दीर बोलता बोलता म्हणाले, अरे तुझा मेस्सी तर टॅक्सचोर, कोर्टाने शिक्षा दिलीये त्याला. पोरगा जेवता जेवता उठला आणि 10 नंबरची जर्सी घडी करून माळ्यावर टाकून आला. खरं काय आहे आणि मी त्याला काय सांगू? – एक आई, कोथरूड

आधी सगळं खरं सांगा त्याला, कारण अर्धवट सांगितलंत तर तो मोबाईलवर शोधणारच आहे. तुमचे दीर म्हणाले ते खोटं नाही. 2007 ते 2009 या तीन वर्षांत मेस्सीला अॅडिडास, पेप्सी, डॅनोन अशा कंपन्यांकडनं जाहिरातींचे पैसे मिळत होते. त्याचं नाव, फोटो, सही वापरायचे हक्क उरुग्वे, बेलीझ अशा देशांतल्या कागदोपत्री कंपन्यांच्या नावावर ठेवलेले, त्यामुळे पैसा तिकडच्या तिकडे फिरायचा आणि माणूस राहतो बार्सिलोनात तरी स्पेनच्या टॅक्स खात्याला तो दिसायचाच नाही. बुडवलेला कर 41 लाख युरो. जुलै 2016 मध्ये बार्सिलोनाच्या कोर्टाने मेस्सी आणि त्याचे वडील दोघांना 21-21 महिने कैद आणि दंड सुनावला, 2017 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मेस्सीची शिक्षा कायम ठेवली, वडिलांची थोडी कमी केली, आणि शेवटी कैदेच्या बदल्यात अडीच लाख युरोंच्या वर आणखी दंड भरून विषय संपला. जेलमध्ये तो एक दिवसही गेला नाही, कारण स्पेनमध्ये पहिलाच गुन्हा असेल आणि शिक्षा दोन वर्षांच्या आत असेल तर बहुतेक वेळा आत टाकत नाहीत. 2013 मध्ये, खटला उभा राहायच्या आधीच, बापलेकांनी 50 लाख युरो भरले होते हेही सांगा, तेही खरंच आहे.

कोर्टात मेस्सीचं म्हणणं काय होतं तर मी फक्त फुटबॉल खेळायचो, बाकीचं बाबा बघायचे, माझा त्यांच्यावर विश्वास होता. कोर्टाला ते पटलं नाही. मला एका अंगाने पटतं, विशीतला पोरगा आणि सगळे व्यवहार बापाच्या हातात, असं आपल्याकडे घरोघरी आहे. पण सही त्याची होती आणि सही केली की जबाबदारी येते, मग तुम्ही जगातले सगळ्यात भारी खेळाडू असा नाहीतर कोपऱ्यावरचे किराणावाले.

मला खरा राग आला तो पुढच्या गोष्टीचा. शिक्षा लागल्यावर त्याच्या बार्सिलोना क्लबने मोहीम काढली, आम्ही सगळे मेस्सी, दोन्ही हातांचे पंजे दाखवून फोटो टाका, दहा बोटं म्हणजे 10 नंबर. अहो, तेव्हा स्पेनमध्ये बेकारी किती होती, लोकांची घरं कर्जापायी जात होती, त्या लोकांना तुम्ही सांगताय की टॅक्स बुडवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा? खूप लोकांनी तिथल्या तिथे क्लबला झापलं आणि त्यात फुटबॉलवर जीव टाकणारेही होते. ते मला खरे फॅन वाटतात.

मुलाला एवढंच सांगा की मेस्सीने डाव्या पायाने केलं ते त्याच्या मेहनतीचं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पैशाच्या बाबतीत चुकला, शिक्षा झाली, पैसे भरले. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम मनात ठेवता येतं, 13 व्या वर्षी जरा जड जातं पण जमतं. जर्सी त्यालाच काढू दे माळ्यावरनं, तुम्ही काढून देऊ नका. आणि दिरांना माझ्यातर्फे सांगा की पोराला ताटावरनं उठवायचा हा विषय नव्हता.

मी हिंजवडीत नोकरी करतो. पगार हातात यायच्या आधीच टॅक्स कापला जातो, वर मिळकतकराची सवलत संपायच्या आत भरायची धावपळ. आणि रोनाल्डोसारखा माणूस कोट्यवधी बुडवून कोर्टातनं हसत बाहेर येतो आणि लोक त्याची सही घ्यायला धावतात. याची चीड फक्त मलाच येते का? – एक वाचक, पिंपळे सौदागर

नाही हो दादा, मलाही येते. 22 जानेवारी 2019, माद्रिदचं कोर्ट, रोनाल्डो गॉगल लावून गर्लफ्रेंडचा हात धरून आला, आधीच ठरल्याप्रमाणे गुन्हा कबूल केला, 23 महिन्यांची शिक्षा पण आत जायचं नाही, दंडासकट एकूण 1 कोटी 88 लाख युरो भरायचे, आणि जाताना दारात सही देऊन गेला. रक्कम मोठी आहे, कबूल, पण त्या हसण्याने लोकांना वाटतं की पैसा असला की हा नुसता एक खर्चाचा आकडा आहे, आणि मग तुमच्यासारख्या फॉर्म 16 वाल्याला आपणच मूर्ख ठरल्यासारखं वाटतं. तसं वाटून घेऊ नका, तुम्ही बरोबर करताय.

पण त्याच दिवशी त्याच कोर्टात आणखी एक खेळाडू आला होता, झाबी अलोन्सो. त्याच्यावरही इमेज राइट्सचाच, म्हणजे नाव-फोटो वापरायच्या हक्कांच्या पैशांचाच आरोप, सरकारी वकिलांनी पाच वर्षं मागितली होती. तडजोड करून मोकळं व्हायचा रस्ता त्यालाही होता. त्याने गुन्हा कबूल करायला नकार दिला, केस लढला, नोव्हेंबर 2019 मध्ये निर्दोष सुटला आणि 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं. मॅराडोनाचं तर आणखी वाईट, इटलीच्या टॅक्सवाल्यांनी जवळपास 30 वर्षं पाठ सोडली नाही, 2009 मध्ये तो उपचारासाठी गेलेला असताना त्याच्या कानातली डायमंडची रिंग जप्त केली, लिलावात 25 हजार युरो आले, आणि जानेवारी 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला. तोपर्यंत तो जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणून नोटीस आली की लगेच चोर म्हणायचं नाही, निकाल येऊ द्यायचा, आणि निकाल आला की मग आपला लाडका आहे म्हणून गप्पही बसायचं नाही.

आणि सगळेच हसत सुटत नाहीत. टेनिसवाल्या बोरिस बेकरला कर बुडवला म्हणून 2002 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने दोन वर्षं सुनावली, तेव्हा आत जावं लागलं नाही. पुढे दिवाळं निघालं, त्यात मालमत्ता लपवली म्हणून 2022 मध्ये लंडनला अडीच वर्षांची शिक्षा झाली आणि आठ महिने खरंच आत काढले.

सचिनने पण अॅक्टर आहे असं सांगून टॅक्स वाचवला होता ना? मग त्याला कोणी काही का म्हणत नाही? – सदाशिव पेठ

म्हणतात की, तुम्ही म्हणालातच. पण हे प्रकरण वेगळं आहे. परदेशी चलनात मिळालेल्या 5 कोटी 92 लाखांवर त्याने कलाकारांना मिळणारी सूट मागितली, म्हणाला जाहिरातीत काम करणं हा अभिनय आहे आणि तो माझा व्यवसाय. आयकर अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही क्रिकेटर नाही तर मग क्रिकेटर कोण? प्रकरण मुंबईच्या न्यायाधिकरणात गेलं आणि 2011 मध्ये निकाल सचिनच्या बाजूने लागला. ऐकायला विचित्र वाटतं हे मान्य, पण उत्पन्न लपवलेलं नव्हतं, सगळं कागदावर ठेवून भांडला आणि जिंकला. याला करचुकवेगिरी म्हणता येत नाही.

फेरारीचं मात्र मला खटकलं होतं. ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केल्यावर 2002 मध्ये कार रेसिंगवाल्या शूमाकरच्या हातून गाडी मिळाली, सरकारने 1 कोटी 13 लाखांची आयात ड्युटी माफ केली. लोक चिडले, आमच्या ऑफिसात त्याच्या प्रत्येक सेंच्युरीला पेढे वाटणारे गृहस्थ सगळ्यात जास्त चिडलेले, म्हणायचे सचिनला माफी मागायची गरज काय, तो भरू शकतो की. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ड्युटी फियाटने, म्हणजे फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने भरली.

माझी मुलगी 16 वर्षांची आहे, एका लीगचे पैसे पहिल्यांदाच मिळालेत, टीडीएस कापून. हे माझ्या उत्पन्नात दाखवायचे का? – बाणेर

नाही काकू. अल्पवयीन मुलांचं उत्पन्न एरवी आईबाबांच्या उत्पन्नात धरतात, पण मूल स्वतःच्या कौशल्याने कमावत असेल तर ते त्याचंच. मुलीचं पॅन काढलेलं असेलच, तिच्या नावाने रिटर्न भरा, कर बसत नसेल तर कापलेला टीडीएस परत येईल.

एक आठवलं म्हणून सांगते. मागच्या वर्षी जुलैत एक 19 वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आमच्या ऑफिसला आला, गुडघ्याला पट्टी, प्रॅक्टिसवरनं थेट. वडील सगळं बोलत होते, तो मोबाईलमध्ये. मी रिटर्नचा कागद पुढे केला, त्याने न बघता पेन उचललं. मी कागद मागे ओढला. म्हटलं आधी वाच, तुला किती मिळाले ते मोठ्याने सांग. त्याने सांगितलेला आकडा आणि कागदावरचा आकडा यात 40 हजारांचा फरक निघाला, एका बूटवाल्या ब्रँडचे पैसे वडील धरायचे विसरले होते. दोघंही कावरेबावरे झाले. वडिलांची काही लबाडी नव्हती, खरंच विसरले होते. मग त्याला शेजारी बसवून 26 एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता, कसं बघायचं ते दाखवलं, अर्धा तास गेला, आता पासवर्ड त्याचा त्याच्याकडे आहे आणि तिमाहीला मेसेज येतो, मॅडम एक एंट्री कळत नाहीये.

तुमच्या मुलीलाही घेऊन बसा. लॉगिन तिलाच करू दे.