वापरलेली हाय-परफॉर्मन्स ऑफशोअर पॉवरबोट घेताना नेमकं काय तपासावं?

मीटरवर तास कमी दिसले की माणूस भुलतो. पण अशा बोटीत इंजिन किती तास चाललं यापेक्षा कोणत्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) चाललं, हे जास्त महत्त्वाचं. नव्या इंजिनांच्या ईसीएममध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) ही नोंद असते. मेकॅनिककडून लॅपटॉप जोडून ती काढून घ्या. सुपरचार्ज्ड (जादा ताकदीसाठी हवा दाबून आत भरणारं) इंजिन काही शे तासांतच उघडून पुन्हा बांधावं लागू शकतं, तेव्हा मागच्या कामाची बिलं मागा. तोंडी हमीला काडीची किंमत नाही.

सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (आत दाब किती तयार होतो आणि तो किती गळतो याची तपासणी) कराच. ड्राइव्हचं (इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणाऱ्या भागाचं) गिअर ऑइल थोडं काढून बघा: दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, बोटांना धातूचा चमकणारा कीस लागला तर गिअर किंवा बेअरिंग झिजलेत.

हल, म्हणजे बोटीचा मूळ सांगाडा, मात्र सर्व्हेअरकडे (बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) सोपवा. लाटांवरून उडून आपटणाऱ्या बोटीचे स्ट्रिंगर (तळाला आतून बळकटी देणाऱ्या लांब पट्ट्या) आणि ट्रान्सम (मागची भिंत) सगळ्यात जास्त मार खातात. हातोडीने हलकं ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर थर सुटलेत किंवा आतला गाभा कुजलाय असं समजा. चकचकीत रंगाखाली हे सहज झाकलं जातं. इंजिन बदलता येतं, हल नाही.

पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा; विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. आणि विम्याची चौकशी सौद्याआधीच करा, एवढ्या वेगाच्या बोटींना काही कंपन्या हातच लावत नाहीत.