रुग्णवाहिकेवर नवीन आहात? सुरुवात ऑक्सिजनपासून करा
स्वागत! सगळी उपकरणं एकदम पाठ करू नका. पाळी सुरू होताच एवढं तपासा.

ऑक्सिजन सर्वांत आधी. व्हॉल्व्ह उघडूनच काटा वाचा; बंद असताना रेग्युलेटरमध्ये अडकलेला जुना दाब दिसतो आणि नवखे तिथेच फसतात. १० लिटरची टाकी १५० बार दाबावर असेल तर साधारण १५०० लिटर वायू, म्हणजे मिनिटाला १५ लिटरने १०० मिनिटं. शेवटच्या थेंबापर्यंतचा हिशेब मात्र धरू नका. रेग्युलेटरला तेल-ग्रीस कधीच लावू नका, भडका उडतो.

- सक्शन (तोंड-घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र): नळीचं तोंड दाबा, ४ सेकंदांत ३०० मिमी पाऱ्यापर्यंत ओढ हवी. चार्जिंगची वायर काढूनच तपासा, नाहीतर मेलेली बॅटरी कळत नाही.
- स्ट्रेचर: लॉकचा ‘खट्’ पुरेसा नाही, हिसका देऊन पाहा.
- एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र): छातीवर चिकटवायच्या पॅडची मुदत.

व्हेंटिलेटरची घाई नको, तो नंतर नक्की जमेल.