स्टेज ३बी: ऑपरेशन नाही म्हणतात, मग शेकांचे (रेडिएशनचे) कोणते पर्याय आहेत?

तुम्ही विचारलंय, आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज ३बी, डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणतात; मग केस हातची गेली का? नाही गेली. मी डॉक्टर नाही, पण आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, याच स्टेजला अंबाजोगाईहून संभाजीनगरला खोली करून शेक दिलेत.

३बी म्हणजे आजार कंबरेच्या हाडाच्या भिंतीपर्यंत गेलाय किंवा किडनीची नळी दाबली गेलीय. अशात पिशवी काढली तरी आजार आत राहतोच. म्हणून बाहेरून साधारण २५ शेक, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, आणि आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन. किडनी सुजलेली असेल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात, मगच सिसप्लॅटिन ठरतं.

बाहेरच्या शेकाची मशीनं दोन प्रकारची; कोबाल्ट की लिनॅक यावर आमच्याकडे फार डोकेफोड झाली. आजार दोन्हींनी जळतो. लिनॅकवरच्या आयएमआरटीत, म्हणजे आजाराच्या आकाराप्रमाणे किरण वळवून दिलेल्या शेकात, आतडी जास्त वाचतात, पुढे जुलाबाचा त्रास कमी. मिळालं तर घ्या, पण त्यासाठी महिनोन्‌महिने नंबर लावून बसू नका.

रोज शेकाआधी लघवी करून ठरावीक पाणी प्यायचं आणि धरून बसायचं. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात. आत्याबाई तांब्या मोजून प्यायच्या आणि बाकड्यावर पाय आवळून माझ्यावर डाफरायच्या. कंबरेवरच्या शाईच्या खुणा आंघोळीत घासायच्या नाहीत, हे त्यांना पाचदा सांगावं लागलं.

खरी गडबड पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत अंगावरून जाणारं रक्त थांबलं, की घरचे म्हणतात, बरं झालं, चला गावाकडं. आमचे सासरेही कापूस वेचणीसाठी निघालेच होते! पण बाहेरचे शेक म्हणजे अर्धं काम. गाठीला खरा मोठा डोस आतल्या शेकानं, ब्रेकीथेरपीनं मिळतो. भूल देऊन गर्भाशयात नळी बसवतात, मशीनमधून इरिडियमचा, म्हणजे किरण सोडणाऱ्या धातूचा, दाणा नळीत जातो, काही मिनिटांत परत येतो. दोन ते चार वेळा. तो सोडून नुसते बाहेरचेच शेक वाढवून घेणं ही बरोबरी नव्हे. तुमच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर कुठं पाठवणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं तर रक्त चढवतात, त्याला नाही म्हणू नका.

आजार फुफ्फुसात, लिव्हरमध्ये गेलेला असेल तर गणित वेगळं. तिथं रक्त आणि दुखणं थांबवायला एक ते दहा शेकांत भागवतात.

महात्मा फुले योजनेत हे बसतं. रेशन कार्ड, आधार आणि बायोप्सीचा कागद सोबत ठेवा. आतल्या शेकाच्या दिवशी उपाशीपोटी न्यायचं असतं, बरोबर घरातली एक बाई असू द्या. आत्याबाईंना त्या दिवशी लेकाला काही सांगताच येईना, म्हणून मलाच आत बोलावलं.