हळद विकायची तर हळकुंड मोडून दाखवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. समुद्रपूर तालुक्यात तुमच्या बचत गटाची हळद, आठ महिन्यांपूर्वी इन्स्टाग्रामवर पेज काढलं, 340 फॉलोअर झाले, ऑर्डरी मात्र चार आणि त्याही नात्यातल्याच. आता एक पोट्टा म्हणतो, पंधराशे रुपये द्या, दहा हजार फॉलोअर आणून देतो. द्यावे का?

देऊ नका. मी देऊन बसलोय. मी काटोलकडचा संत्रावाला. बागेतला थोडा माल व्यापाऱ्याला न देता थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. 2021 साली पाच हजार फॉलोअर विकत घेतले. नावं अशी की घरात कुणाला वाचता येईनात. पुढच्या पोस्टला अकरा लाइक, त्यातले तीन घरचे. इन्स्टाग्राम व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे ठेवून बघतं, ते थांबले तर पुढे ढकलतं. विकतच्या फॉलोअरमागे माणूसच नाही, तर थांबणार कोण? ते पेज सोडून मला नवं काढावं लागलं.

आता तुमच्या पोस्टरांबद्दल. रोज एक टाकता म्हणता, वर ‘शुद्ध, नैसर्गिक, घरगुती’. बाप्पा, भेसळवालाही तेच लिहितो. पुण्यामुंबईच्या बाईच्या मनात एकच शंका असते, यात रंग तर नाही ना? तिला पोस्टर नको, पुरावा पाहिजे. आणि तो तुमच्या अंगणात पडलेला आहे. चांगलं वाळलेलं हळकुंड हातात घ्या, कॅमेऱ्याजवळ धरा आणि मोडा. टक् असा आवाज येतो, आतला नारिंगी-पिवळा रंग दिसतो. गाणं लावू नका, तो आवाजच ठेवा. मग त्याच हळकुंडाची पूड. वीस सेकंद पुरेत, फोन उभा धरून. सुरुवातीला नमस्कार, गटाचं नाव वगैरे नको. पहिल्या दोन सेकंदांत हळकुंड मोडलं पाहिजे, नाहीतर बोट वर सरकतं.

फिल्टर अजिबात नको. हळद पिवळीधमक केली की उलट संशयच वाढतो. सकाळी नऊच्या आत काढा, मार्चपासून आपल्याकडचं ऊन दुपारी सगळं पांढरं करून टाकतं. ढिगाच्या बाजूला पांढरा कागद ठेवा. व्हिडिओत कागद पांढरा दिसला तर हळदीचा रंगही खरा आला असं समजा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते तेव्हा तर रोजचा व्हिडिओ तयार आहे. वाफ, शिजली का बघायला काडी टोचणं, वाळवण, पॉलिशचा ड्रम. त्या दिवसांत थोडं थोडं काढून फोनमध्ये साठवा, पुढचे सहा महिने पुरवून पुरवून टाकता येतं. फक्त जुनं असेल तर जुनं म्हणून लिहा. का ते सांगतो.

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, थंडी खाल्लेली असल्यामुळे रंग देखणा. एका ऑक्टोबरात मी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची पार्सलं पाठवत होतो आणि पेजवर फोटो मार्चचे. रात्री गार झाल्या नव्हत्या, त्यामुळे साल हिरवट. एका गिऱ्हाइकानं डबा उघडून फोटो टाकला, ‘संत्री की लिंबं?’ आणि मला टॅग केलं. मी तावातावानं उत्तर लिहायला घेतलं होतं. बायको म्हणाली, काऊन भांडता, चूक आपलीच आहे. मग त्याच्याच पोस्टखाली लिहिलं की फोटो जुना होता, पैसे परत करतो. संध्याकाळी बागेत कॅरेटवर बसून हिरवट संत्रं कापून दाखवलं आणि साल अशी का राहते ते सांगितलं. तो माणूस परत आला नाही. पण त्या व्हिडिओवर जेवढे लोक बोलले तेवढे माझ्या कुठल्याच देखण्या फोटोवर बोलले नव्हते. तेव्हापासून आमची तऱ्हा ठरली, ज्या दिवशी माल निघेल त्याच दिवशीचा फोटो. तक्रार आली तर पुसायची नाही, सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं.

पेजला चेहरा पाहिजे, हे खरं. पण गटातल्या प्रत्येक बाईला आधी विचारा. नवरा हो म्हणाला म्हणजे ती हो म्हणाली असं नाही. जिला नको तिचे हात दाखवा. हळदीनं रंगलेले हात चेहऱ्याइतकेच ओळखू येतात. बोलायला जी मोकळी आहे तिलाच बोलू द्या, आणि आपल्या बोलीत. पुस्तकी मराठीत ती अडखळेल आणि बातम्या वाचल्यासारखं वाटेल. खाली अक्षरं मात्र द्या, बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

‘वायगाव हळद’ हे नाव 2016 पासून जीआयखाली आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते लावता येतं अशी सरकारी नोंदणी. तुमचं गाव त्या पट्ट्यात असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या, मगच ते नाव पाकिटावर आणि पेजवर लावा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर फोटोत वाचता यावा. आणि हळदीनं अमका आजार बरा होतो असले दावे टाळा. लोकांना ते आवडतात, पण कायद्याला नाही.

शेवटी ऑर्डर येते ती व्हॉट्सअ‍ॅपवर. पेजवर वेगळ्या सिमचा नंबर द्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, भाव आणि वजन कॅटलॉगमध्ये लिहून ठेवा. नाहीतर ‘काय भाव?’ याचं उत्तर देतादेता दिवस जातो. स्टेटस 24 तासांत जातं, पण माझ्याकडे जुनी गिऱ्हाइकं परत येतात ती तिथूनच. गावातून शिकायला, नोकरीला गेलेल्यांचे नंबर गोळा करा. पुण्यातल्या खोलीवर गावची हळद पोचली की चार रूममेट विचारतात.

पंधराशे वाचले त्यात एक साधा स्टँड घ्या, म्हणजे मोडायला दोन्ही हात मोकळे राहतील. आणि व्हिडिओ काढण्याआधी लेन्स पुसा, हळदीची पूड उडून तिच्यावर बसलेली असते.