नाणं उडवा, मग सीएचं बघू

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. तुमचं कोल्हापूरच्या चप्पल लाइनला दुकान आहे. लेक बारावी कॉमर्सला असून गणित घेतलेलं आहे. सीए फाउंडेशनच्या क्लासचे चाळीस हजार भरून झालेत. दिवाळीच्या सुट्टीत ती दुकानात बसली आणि २,४०० रुपयांची एक जोडी तिनं काउंटरवर मांडून ठेवली. ती जोडी समोर असली की ९०० रुपयांच्या चपलेवर गिऱ्हाईक फारसं घासाघीस करत नाही, असं तिनं वहीत टिपलं. आता ती म्हणते, सीए नको, माणसं पैशाचे निर्णय कशी घेतात यावर प्रयोग करायचेत, त्याला बिहेविअरल इकॉनॉमिक्स म्हणतात. तुम्ही लिहिता, "ही अक्कल तर माझ्या वडिलांना पण होती, त्यासाठी कॉलेज कशाला?"

तुमच्या वडिलांना ती होतीच. पण वडिलांची अक्कल आणि हे शास्त्र यांत काय फरक आहे, ते लेकीच्या वहीतच सापडतं. तुम्ही पाठवलेला पानाचा फोटो नीट बघितला. जोडी मांडली ते दिवस दोन रविवार आणि एक शनिवार. न मांडलेले दिवस सोमवार ते गुरुवार. आता तुम्हीच सांगा, रविवारी दुकानात कोण येतं? अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा. त्याला संध्याकाळची गाडी गाठायची असते, तो फार ताणत नाही. सोमवारी येतो तो आपला गाववाला, आणि तो नव्वद रुपयांसाठी दोनदा पायरी उतरतो. मग घासाघीस कमी झाली ती महागड्या जोडीमुळे की रविवारमुळे? वही काहीच सांगत नाही.

अगदी हाच पेच तमिळनाडूत ऊसवाल्यांवर प्रयोग करणाऱ्यांपुढे होता. २०१३ साली 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ४६४ ऊस उत्पादक शेतकरी घेतले. ऊस जायच्या आधी हात आखडलेला असतो, बिल आलं की मोकळा. एकाच शेतकऱ्याला दोन्ही वेळी आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. पैशाची चणचण असताना तोच माणूस कमी गुण मिळवत होता. डोकं तेच, पण त्यातली बरीच जागा देण्याघेण्याच्या काळजीनं अडवलेली. आता कोणी म्हणेल, हा ऋतूचा फरक असेल. पण तोड कधी येणार हे शेतकऱ्याच्या हातात नसतं, कारखाना ठरवतो. हे कागल-करवीरच्या माणसाला वेगळं सांगायला नको! त्यामुळे एकाच महिन्यात एकाचा ऊस गेलेला होता, शेजाऱ्याचा उभा होता. मग दुसरी शंका, की दुसऱ्यांदा कोडी सोडवताना सराव झाला असेल. म्हणून काही शेतकऱ्यांना मुद्दाम तोडीनंतरच पहिल्यांदा बसवलं होतं. कल्पना सुचायला एक दुपार पुरते, पण आपलंच म्हणणं कुठून फुटू शकतं ते शोधून ती भोकं आधीच बुजवायला वर्षं जातात. तुमच्या लेकीला हे दुसरं काम आवडतं का, एवढंच मला बघायचं आहे.

तुमचा दुसरा टोमणा, "हे शास्त्र आहे की गप्पा?" डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाला २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, व्हर्नन स्मिथ यांच्याबरोबर. स्मिथ वर्गातल्या पोरांना विकणारे आणि घेणारे बनवून सौदे लावायचे आणि भाव कुठं स्थिरावतो ते टिपायचे. मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण गप्पाही या क्षेत्रात शिरल्या, हे लपवणार नाही. फॉर्मच्या तळाऐवजी वरच्या बाजूला सही घेतली की माणसं जास्त खरं लिहितात, असा २०१२ चा एक फार गाजलेला निबंध होता. त्यातल्या एका प्रयोगाचे आकडेच बनावट निघाले आणि २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला. २०१६ साली अर्थशास्त्रातले १८ प्रयोग पुन्हा करून बघितले, त्यातले ११ टिकले. मला ही गोष्ट उलट भरवशाची वाटते, कारण मोजून बघणारेही त्याच क्षेत्रातले होते. पण 'नज'वर, म्हणजे सक्ती न करता माणसाला हळूच एका बाजूला वळवण्याच्या युक्त्यांवर, मोबाइलवर चार व्हिडिओ बघून कोणी या वाटेला निघणार असेल, तर त्याला हे आधी कळलेलं बरं.

आता पोटापाण्याचं. बीए झाल्या झाल्या या नावाची नोकरी आपल्याकडे जवळजवळ नाही, हे लेकीला स्पष्ट सांगा. एमएनंतर रिसर्च असोसिएट म्हणून काम मिळतं. ते बरंचसं फील्डवरचं असतं: गावोगाव फिरणं, प्रश्नावल्या भरून घेणं, आकडे साफ करत बसणं. उदयपूर भागातल्या १३४ खेड्यांत लसीकरणाचा एक प्रयोग झाला होता. नुसती नेमानं शिबिरं भरवली तिथं १८ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि शेवटी जेवायची धातूची ताटं भेट दिली तिथं ३९ टक्के. काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के. निबंधात ही एक ओळ दिसते, तिच्यामागे घरोघर जाऊन कार्ड तपासणारी पोरं-पोरी असतात. पहिली काही वर्षं तुमची लेक त्यांतली एक असेल. पुढं पीएचडी करायची झाली आणि नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते. बँका, विमा कंपन्या, ॲप बनवणाऱ्या कंपन्याही अशी माणसं घेतात, पण तिथं डिग्रीच्या नावापेक्षा आकडेवारी किती येते ते विचारतात.

म्हणून बारावीचं गणित काही झालं तरी सोडू नका. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित लागतं. जवळ हवं तर पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आहे. घरी राहायचं तर कोल्हापुरात अर्थशास्त्र घेऊन बीए करता येईल, पण त्या बीएवर विसंबून चालणार नाही, कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र बाहेरून पक्कं करावं लागेल. पुढं मास्टर्सला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था या ठिकाणी जायचं तर गणिताशिवाय दार उघडत नाही. प्रवेशाचे नियम दरवर्षी हलतात, संस्थेच्या साइटवर बघा, ओळखीच्याला विचारू नका.

उरले ते चाळीस हजार. "फी भरलीय, आता सीएच करायला हवं," हे तुमचं वाक्य वाचून मला हसू आलं, रागावू नका. १९८५ साली अमेरिकेत याच विचारावर निबंध आला होता. नाटकांची सीझन तिकिटं काहींना पूर्ण भावात विकली, काहींना सवलतीत. नाटकं तीच, खुर्च्या त्याच, तरी पूर्ण पैसे मोजलेले सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त वेळा आले. गेलेले पैसे माणसाला ओढत नेतात. पण फी बुडाली म्हणून सीए सोडा, असंही मी म्हणत नाही. पदवीला ६० टक्के मिळाले तर अर्थशास्त्राच्या पोरांनाही फाउंडेशन न देता थेट सीएच्या पुढच्या टप्प्याला, इंटरमीजिएटला, नाव नोंदवता येतं, कॉमर्सवाल्यांना ५५ पुरतात. म्हणजे तीन वर्षांनी ते दार उघडं असणार आहे. उलट दिशेनं, सीए होऊन मग या संशोधनात येणं जमतं, पण फार लांबचा वळसा पडतो.

म्हणून आत्ता काही ठरवू नका. बारावीची परीक्षा होऊ दे. मग आठ आठवडे रोज सकाळी शटर उचलताना तिला एक रुपयाचं नाणं उडवायला सांगा. छापा पडला तर महागडी जोडी काउंटरवर, काटा पडला तर आत. वार कुठलाही असो, जत्रा असो की पाऊस. काय मोजायचं ते पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून तारीख घालायची, म्हणजे शेवटी सोयीचा आकडा निवडता येणार नाही. जोडीवरची किंमत खरी हवी. कोणी २,४०० काढून ठेवले तर ती मुकाट बांधून द्यायची. आणि एक अडचण तुमचीच आहे. जोडी समोर दिसली की तुमचा आवाज आपोआप चढणार, भाव ताणून धरणार. त्याला काय करायचं हे तिला विचारा, तुम्ही सुचवू नका.

जूनमध्ये दोघं या. वही आणा. निकाल तिच्या मनासारखा लागला नसेल तर नक्की आणा, आणि तिनं कुठलं पान फाडलेलं नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.