पाच वॉटचा ट्यूब ॲम्प: आवाज सुधारायचा तर सुरुवात कुठून? (वाचकांची प्रश्नोत्तरे)

गिटारच्या छोट्या ट्यूब ॲम्पबद्दल एवढे प्रश्न साठलेत की आज फक्त त्यावरच बोलू. बहुतेकांकडे एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनियर, फेंडर चॅम्पियन ६०० किंवा त्याच जातीचं काहीतरी आहे. म्हणजे सिग्नल वाढवणारी एक १२एएक्स७ ट्यूब, पुढे स्पीकर हलवणारी एक ईएल८४ किंवा ६व्ही६ पॉवर ट्यूब, साधारण पाच वॉट, आणि नॉब म्हणाल तर फक्त व्हॉल्यूमचा. सर्किट इतकं सरळ आहे की पाठ होतं: गिटारचा सिग्नल १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागात जातो, तिथून व्हॉल्यूम पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर), मग त्याच ट्यूबचा दुसरा अर्धा, मग पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. संपलं. म्हणूनच यात एक पार्ट बदलला तरी कानाला लगेच कळतं, आणि ॲम्प कसा चालतो हे शिकायला याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न (पुणे): सेकंडहँड चॅम्पियन ६०० घेतलाय. आवाज डबड्यातून आल्यासारखा येतो. इंटरनेटवर महागडे कपॅसिटर टाका, ट्रान्सफॉर्मर बदला असं लिहिलेलं असतं. बजेट कमी आहे, आधी काय करू?

काहीच विकत घेऊ नका, आधी ॲम्प उचलून एखाद्या मित्राकडे किंवा जॅमरूममध्ये घेऊन जा जिथे १२ इंची स्पीकरचं कॅबिनेट आहे, आणि तुमच्या ॲम्पचा स्पीकर काढून त्याच्या जागी ते कॅबिनेट जोडून वाजवा. चॅम्पियन ६०० मध्ये ६ इंची स्पीकर आहे, व्हॉल्व्ह ज्युनियर कॉम्बोत ८ इंची, आणि तो डबड्यासारखा आवाज बराचसा त्या एवढ्याशा कोनचा आणि एवढ्याशा खोक्याचा असतो. सर्किट बिचारं बरंच चांगलं असतं, ते ऐकूच येत नाही.

दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो त्याची. सेलेशनचा १२ इंची ग्रीनबॅक स्पीकर एका वॉटला ९८ डीबी (डेसिबल) देतो, व्हिंटेज ३० तर १००. समजा तुमचा छोटा स्पीकर ९१-९२ देत असेल, तर फरक सहा-सात डीबीचा झाला, आणि दर ३ डीबीला पॉवर दुप्पट धरायची असते. म्हणजे नुसता स्पीकर बदलून पाच वॉटचा ॲम्प वीस वॉटचा असल्यासारखा वाजतो. हे कुठल्याही कपॅसिटरने होणार नाही, तो कितीही नक्षीदार डबीत आलेला असो.

जोडताना ओहम जुळवा, ॲम्पच्या मागे ४, ८ की १६ लिहिलंय ते बघा आणि तेवढ्याचाच स्पीकर लावा. आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करून वाजवायचा नाही, कधीच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तोच या ॲम्पमधल्या सगळ्यात महाग पार्टांपैकी एक आहे.

प्रश्न (नाशिक): व्हॉल्व्ह ज्युनियर हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) आहे, १२ इंची कॅबवर वाजवतो. क्लीन छान वाटतं पण व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की खर्जाच्या तारांचा नुसता गिचका होतो, कॉर्ड कळतच नाही. सोल्डरिंग येतं. काय बदलू?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण याचं उत्तर कळलं की गिटार ॲम्पचं निम्मं गणित कळतं. गिचका होतो तो डिस्टॉर्शनमुळे नाही, डिस्टॉर्शन व्हायच्या आधी खर्ज जास्त झालाय म्हणून होतो. हाय-फायवाल्याला खालपासून वरपर्यंत सगळं सपाट हवं असतं, पण जी स्टेज (ट्यूबचा सिग्नल वाढवणारा एक टप्पा) मुद्दाम फाटवायची आहे तिच्यात भरपूर बास ढकलला की बासच सगळी जागा खातो आणि वरचे स्वर त्याच्यासोबत चिरडले जातात. म्हणून बास कापायचा तो आधी, फाटायच्या आधी. नंतर टोन नॉबने कापून उपयोग नाही, तोवर गाळात गेलेलं असतं सगळं.

आता खोलायच्या आधी, हे नीट वाचा. आत २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. प्लग काढा. मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्ट रेंजला लावून मोठ्या इलेक्ट्रोलिटिकवर किती आहे ते बघा. मग १०० के, २ वॉटचा रेझिस्टर घ्या, इन्सुलेटेड क्लिपांनी आधी एक टोक चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला), मग दुसरं कपॅसिटरच्या प्लसला. ४० मायक्रोफॅरड असेल तर वीसेक सेकंदात रिकामा होतो. परत मोजा. शून्याच्या जवळ आला की मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे लोक बघितलेत, तुम्ही तसं करू नका, कपॅसिटरलाही ते सोसत नाही.

आता काम. पहिल्या स्टेजच्या कॅथोडला (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) साधारण १.५ के चा रेझिस्टर आणि त्याला समांतर २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक असतो. तुमच्या ॲम्पमध्ये तसा आहे का ते बोर्डावर बघून घ्या, मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. एवढा मोठा कपॅसिटर असला की गिटारच्या सगळ्या स्वरांना पूर्ण गेन (सिग्नलची वाढ) मिळतो, अगदी सहाव्या तारेच्या ८२ हर्ट्झलाही. त्याच्या जागी १ मायक्रोफॅरड टाका. मग १०० हर्ट्झच्या खाली गेन जवळपास निम्म्यावर येतो आणि दोनशेच्या वर हळूहळू पूर्ण मिळायला लागतो. बास नाहीसा होत नाही, फक्त मागे सरकतो, आणि पाचव्या-सहाव्या तारेवरच्या पॉवर कॉर्डमध्ये अचानक दोन्ही स्वर वेगळे ऐकू यायला लागतात. ०.६८ टाकलात तर अजून घट्ट होतो, पण सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारला मला तो जरा पातळ वाटतो, हंबकर पिकअपला मस्त.

एवढ्याने भागलं नाही तरच पुढची पायरी, म्हणजे पहिल्या स्टेजनंतरचा, सिग्नल पुढच्या स्टेजला देणारा कपलिंग कपॅसिटर. तिथे ०.०२२ मायक्रोफॅरड असेल आणि पुढे १ मेगचा पॉट, तर तो पार ७ हर्ट्झइतका खालचा आवाजही पुढे पाठवतो, आणि इतक्या खालच्याचा गिटारला काडीचा उपयोग नाही. ०.००४७ टाकला की ही खालची सीमा ३४ हर्ट्झला येते, ०.००२२ टाकला की ७२ ला. दोन्ही बदल एका बैठकीत करू नका. एक करा, दोन दिवस वाजवा, मग दुसरा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

दुकानात मागताना आकड्यांनीच मागा: ०.०२२ म्हणजे २२३, ०.००२२ म्हणजे २२२, ०.००४७ म्हणजे ४७२, १ मायक्रो म्हणजे १०५. कपलिंगसाठी ६३० व्होल्टचा फिल्म टाइप सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतात आणि किंमत अगदी किरकोळ. कॅथोडला मात्र व्होल्टेज एक-दोन व्होल्टच असतं, तिथे ५० किंवा ६३ व्होल्टचा चालतो. आणि या बोर्डांचे ट्रॅक पटकन उचलतात, म्हणून जुना पार्ट ओढून काढू नका, सक्शन पंप किंवा विक (सोल्डर शोषणारी तांब्याची पट्टी) वापरा, सोल्डरिंगची इस्त्री एका जागी दाबून धरू नका.

प्रश्न (कोल्हापूर): ट्यूब बदलून आवाज बदलतो म्हणतात ते खरं का? सोल्डरिंग येत नाही.

बदलतो, पण ब्रँड बदलून थोडा आणि प्रकार बदलून बराच. १२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा चाळीसच्या जरा वर. पिना सारख्याच, काढून लावता येतात. फेंडरच्या बऱ्याच जुन्या ट्वीड ॲम्पमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ असायची आणि त्यांचा तो मऊपणा काही अंशी तिचाच. तुम्हाला क्लीनला जास्त जागा हवी असेल तर ५७५१ किंवा १२एवाय७ घ्या. जास्त ओव्हरड्राइव्ह हवा असेल तर ट्यूब बदलून मिळणार नाही, १२एएक्स७ तर आधीच लावलेली आहे, तिथे पुढे एक साधा ओव्हरड्राइव्ह पेडल लावा. ईएल८४ च्या जागी ६व्ही६ मात्र बसत नाही, सॉकेटच वेगळं.

प्रश्न (ठाणे): ईएल८४ फार तापते आणि लवकर मऊ पडते. ट्यूबच खराब येतायत का?

शक्य आहे, पण आधी मोजून बघा, कारण बऱ्याच स्वस्त ॲम्पमध्ये ही ट्यूब मर्यादेच्या वर चालवलेली असते. ईएल८४ च्या प्लेटची (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) मर्यादा १२ वॉट. हे मोजमाप ॲम्प चालू असताना होतं, म्हणून मीटरच्या क्लिपा बंद असताना लावा, मग चालू करा, आकडा वाचा, बंद करा, कपॅसिटर वर सांगितल्यासारखा परत रिकामा करा, मग पुढची जागा. चालू ॲम्पमध्ये हात जायलाच नको.

समजा कॅथोड रेझिस्टर २७० ओहमचा आणि त्याच्यावर १२.५ व्होल्ट दिसतायत. १२.५ भागिले २७०, म्हणजे साधारण ४६ मिलिॲम्प. त्यातले पाचेक स्क्रीनचे (ट्यूबमधल्या एका जाळीचे) वजा करा, राहिले ४१. प्लेटला ३२२ व्होल्ट असतील तर कॅथोडचे वजा करून ३१० धरा. ३१० गुणिले ०.०४१, म्हणजे १२.७ वॉट. हे जास्त आहे. रेझिस्टर ३३० चा टाका, ५ वॉटचा घ्या म्हणजे निवांत, आणि परत मोजा. अकराच्या आसपास आला तर उत्तम. आवाज जरासा कोरडा होईल पण ट्यूब टिकेल, आणि खरं सांगायचं तर वाजवताना तो फरक विसरायला होतो.

आपल्याकडे रात्री लाइन २४० व्होल्टच्या पुढे जाते अशा भागात राहत असाल तर मोजमाप रात्रीच करा, ट्यूबवर ताण तेव्हाच जास्त येतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): गिटार न लावताही घूंऽऽ आवाज येतो. सगळं बोर्ड बदलावं लागेल का?

नाही हो. सिंगल एंडेड, म्हणजे एकाच पॉवर ट्यूबच्या ॲम्पमध्ये थोडी घरघर असतेच, दोन पॉवर ट्यूबवाल्या पुश-पुलमध्ये ती आपोआप एकमेकींना मारते, इथे मारणारं कोणी नाही. पण कुठून येतेय ते शोधता येतं. व्हॉल्यूम शून्यावर न्या. घरघर गेली तर ती पहिल्या स्टेजमधून किंवा इनपुटमधून येते. राहिली तर ॲम्प बंद करा, १२एएक्स७ काढा, परत चालू करा. आता गेली तर दुसऱ्या स्टेजची, तरीही राहिली तर पॉवर स्टेज नाहीतर सप्लाय.

मग स्वर ऐका. खालचा, गुळगुळीत ५० हर्ट्झचा असेल तर संशय हीटरवर, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या आतल्या तारेवर. हीटरच्या वायरी एकमेकींना घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, आणि ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) नसेल तर दोन्ही टोकांपासून चॅसीला १००-१०० ओहमचे रेझिस्टर लावा, खूप फरक पडतो. व्हॉल्व्ह ज्युनियरच्या पहिल्या आवृत्तीत हीटर एसीवर होते आणि तिची घरघर प्रसिद्ध आहे, तिसऱ्या आवृत्तीत डीसी केले. स्वर वरचा, खरखरीत १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत, ते बदला.

आणि तुमच्या घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. घरघर जावी म्हणून अर्थची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, गिटारच्या तारा त्या अर्थलाच जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर तुमची बोटं असतात.

प्रश्न (डोंबिवली): पाच वॉटसुद्धा फ्लॅटमध्ये फार होतात, शेजारी बेल वाजवतात. मास्टर व्हॉल्यूम (पॉवर ट्यूबच्या आधीचा दुसरा व्हॉल्यूम) बसवू का?

मला नाही आवडत या ॲम्पमध्ये. याची मजा पॉवर ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर ताणले जातात त्यात आहे, मास्टर व्हॉल्यूमने नेमकी तीच जाते. त्यापेक्षा ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ८ ओहमचा एल-पॅड (स्पीकरला जाणारी पॉवर कमी करणारा नॉब) बसवा, ॲम्पचं आउटपुट आणि स्पीकरही ८ ओहमचे असतील तर. १५ वॉट किंवा जास्तीचा घ्या. फार खाली नेलात तर वरचे स्वर कमी होतात पण मधल्या पट्ट्यात छान चालतो. एक लक्षात घ्या, पाच वॉटचा अर्धा वॉट केला, म्हणजे १० डीबी कमी, तरी कानाला तो निम्माच वाटतो. रात्री अकराला शेजाऱ्यांना निम्माही नको असतो, तेव्हा हेडफोन.

प्रश्न (न्यू जर्सी): पुढच्या वर्षी पुण्याला कायमचे परत येतोय. इथला १२० व्होल्टचा चॅम्पियन ६०० आणू का विकून टाकू?

आणा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीए पुरतो, पण वाइंडिंगवाला जड घ्या, हेअर ड्रायरसाठी मिळतात ते हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नकोत. तीन पिनी हवा आणि अर्थ आरपार गेलेला हवा. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०, त्यामुळे ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापेल, पहिल्या दिवशी अर्धा तास वाजवून हात लावून बघा, हात ठेवता येत नसेल तर कारागिराकडून २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. तसं केलंत तर मेन्सचा फ्यूजही बदला, २३० ला करंट निम्मा लागतो म्हणून फ्यूजही साधारण निम्म्या ॲम्पिअरचा आणि स्लो ब्लो (जरा उशिरा उडणारा).