पावसात रुसणारी कार्बोरेटरवाली मारुती ८००

अरे, पावसात गाडी चालू व्हायला कुरकुरते, अडखळते म्हणून लगेच बॅटरी बदलू नकोस. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) जोरात फिरतोय ना? मग बहुतेक स्पार्क प्लगकडे (इंजिनात ठिणगी पाडतो तो) जाणारा करंट वाटेतच गळतोय. रात्री अंधारात इंजिन चालू ठेव, बॉनेट उघड आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मार. निळ्या ठिणग्या नाचल्या की चोर सापडला. (हात लांब ठेव, झटका सणसणीत बसतो.) मग इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटतो तो) कॅप आतून बघ. केसासारखी काळी रेघ असेल तर पुसून भागणार नाही. कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरणारा तुकडा) आणि प्लग वायरी एकदमच घे. लावताना मात्र एक जुनी वायर काढ, तेवढ्याच लांबीची नवी लाव, मगच पुढची. मी एकदा सगळ्या उपटल्या, क्रम चुकला आणि अर्धा दिवस सायलेन्सरमधले फटाके ऐकले. प्लगही बदलणार असशील तर इंजिन थंड होऊ दे, आटे आधी हातानेच धरव. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचं आहे, आटे पटकन खराब होतात.